वरच्या बर्थवरची हवा

पुण्यात नोकरी करणाऱ्या हिंगोलीकराला ‘विंडो सीट की आइल?’ असलं टेन्शन नसतं. शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग करताना त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो, वरचा बर्थ की खालचा? मी कायम वरचा घेते. प्रायव्हसी मस्त, पण डोक्यापासून वीतभर अंतरावर छत आणि तिथेच एसीची ती गोल फिरणारी जाळी. जिंतूर-औंढा येईपर्यंत आपलं सुख त्या जाळीच्या हातात!

सीन तर ठरलेलाच. पुढे कुणीतरी शाल-कानटोपी घालून कुडकुडत असतं, मागे कुणीतरी पेपरने वारा घेत असतं. एक म्हणतो, “भाऊ, एसी वाढवा,” दुसरा म्हणतो, “दादा, बंद करा.” क्लीनरचं उत्तर एकच, “फुल्लच हाय की!” आणि बऱ्याचदा तो खरं बोलत असतो. एसी फुल असतो, हवाच नीट पोचत नाही.

याचा फंडा सोपा आहे. अशा बसचा एसी बहुतेक वेळा टपावर असतो. तिथून पंखे गार हवा बर्थच्या वरून जाणाऱ्या दोन लांब डक्टमध्ये ढकलतात. हवा आळशी, तिला जवळची वाट आवडते. म्हणून पंख्यांजवळच्या जाळ्यांतून जोराचा झोत येतो आणि टोकाच्या जाळीपर्यंत नुसती फुंकर पोचते. जवळच्या जाळ्या अर्ध्या बंद केल्या की उरलेली हवा पुढे सरकते. जाळीत पेपरचा बोळा कोंबला तरी तेच होतं, पण मग तो झोत शेजाऱ्याच्या कानात! त्यापेक्षा जाळी फिरवा, झोत पायाकडे किंवा पॅसेजकडे वळवा.

हात जाळीसमोर धरला की निम्मं निदान होतं. हवा गार पण अगदी थोडी येत असेल, तर संशय घ्यायचा तो धुळीने माखलेल्या फिल्टरचा किंवा गळक्या डक्टचा. हवा भरपूर पण कोमट असेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरचा. कॉम्प्रेसर बसच्याच इंजिनवर चालत असेल, तर ढाब्यावर गाडी नुसती घुरघुरत उभी असताना गारवा कमी होणारच. तेव्हा क्लीनरशी भांडून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. पडदा चारी बाजूंनी गच्च खोचून घेतला की आपल्याला वाटतं, आपली पर्सनल एसी रूम तयार! पण आत येणाऱ्या हवेला बाहेर जायलाही वाट लागते. छतात मोठी जाळी असते, तिथून हवा पुन्हा एसीत खेचली जाते. तिच्यापुढे ब्लँकेट लटकवलं किंवा पडद्याला फटच ठेवली नाही, तर झोत मंदावतो. पडदा खाली चार बोटं मोकळा ठेवा, फरक कळेल.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना हे ठाऊक होतं. छतात एक भोक ठेवलेलं असायचं, साणं. चुलीचा धूर आणि गरम हवा तिथून निघून जायची. बसला मात्र आपण सीलबंद डबा करून टाकलंय. तीसेक माणसं तीच ती हवा रात्रभर फिरवतात, मग पहाटे डोकं जड. ढाब्यावर गाडी थांबली की दार आणि छतातली झडप दहा मिनिटं उघडायला सांगा. कोंदट हवा वरून निघून जाते.

ही झडप फक्त हवेसाठी नसते, संकटात बाहेर पडायलाही असते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवरच पडली होती. हे वाचल्यापासून मी बर्थवर चढण्याआधी झडप कुठे आहे, तिचं हँडल फिरतं का, हे बघते. टपावर पार्सलं रचून ताडपत्री ताणलेली असेल, तर ती झडप नावापुरतीच. मग तसं स्पष्ट बोलायचं, लोक वळून बघतात तर बघू देत. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, तेही विचारायचं.

एसी गार आहे की नाही, हे पाच मिनिटांत आपोआप कळतं. हवेला आणि आपल्याला बाहेर पडायला वाट आहे का, हे मात्र मुद्दाम बघावं लागतं. झोपताना चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवतो ना, तितक्याच सहज.