वेगातला प्रत्येक बोल

तबला शिकत होते तेव्हा एका मैत्रिणीच्या दादाने ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची कॅसेट ऐकायला दिली. वर तबलावादक झाकीर हुसेन, म्हणजे आमच्या झाकीरभाईंचं नाव दिसलं, तेवढ्यावर मी ती लावली. ‘जॉय’ सुरू झालं आणि मी सरसावूनच बसले. गिटार, व्हायोलिन, तबला, घटम आणि मृदंगम, पाचही वाद्यं 18 मिनिटं सुसाट धावत होती. तरी एकाचा बोल दुसऱ्यात हरवत नव्हता.

कॅसेटवरची ती मैफल 1975च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाली होती. महाविष्णू ऑर्केस्ट्रातल्या इलेक्ट्रिक गिटारमुळे ‘शक्ती’चे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन तोवर जगभर गाजले होते. तो दणदणाट बाजूला ठेवून ते भारतीय वादकांसोबत मांडी घालून बसले. त्याआधी वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे ते वीणा शिकले होते. नुसते आलाप उचलून जॅझला चिकटवायचे नव्हते त्यांना. व्याकरणापासून शिकायचं होतं. ‘शक्ती’साठी त्यांनी गिटारही खास घडवून घेतली. मूळ तारांखालून तिरक्या जाणाऱ्या सात तरफेच्या तारा तिला होत्या. पुढे पडद्यांमधलं लाकूडही कोरून खोलगट केलं, म्हणजे तार दाबून ओढली की सूर मींडेसारखा वळतो.

दुसऱ्या अल्बममधल्या ‘ला दांस द्यू बोनर’ची सुरुवात कोन्नकोलने, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तोंडाने म्हणायच्या बोलांनी होते. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. आपल्या हिंदुस्तानी संगीतातही बोल म्हणायची पढंत आहे, पण तोंडाने म्हटलेला ताल एवढा नाचरा असतो, हे तिथे कळलं. तेव्हापासून माझा रियाज बदलला. ‘धाती टधा तिट धाधा तिट धागे तिना किना’ हा कायदा आधी तोंडाने चौगुनीत म्हणायचा, मगच हात लावायचा. ‘तिट’ पुसट झाला की तिथेच लय उतरवायची, तो स्वच्छ निघेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

2023च्या जानेवारीत ‘शक्ती’ मुंबईत आली, तेव्हा त्यांना समोर बसून ऐकलं. मॅक्लॉफ्लिन 81 वर्षांचे. घटमवादक विक्कू विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश, हातात खंजिरी. व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. गायला आपल्या चेंबूरचे शंकर महादेवन. झाकीरभाई आणि सेल्वागणेश यांची सवाल-जवाबाची लढत रंगली. मॅक्लॉफ्लिन मात्र गिटारवरचा हात काढून मांडीवर ताल धरत होते. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. त्यांच्या वेगाचं मूळ या ऐकण्यात आहे, असं मला वाटतं. समोरच्याचा बोल पुरता कानात शिरतो, म्हणून आपला अचूक जागी पडतो.

वर्षभराने ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि 15 डिसेंबर 2024 रोजी झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात, मी शिकवते त्या क्लासमध्ये शोकसभा घेतली नाही. मुलांना ‘जॉय’ ऐकवलं आणि प्रत्येकाला एकच वाद्य धरून शेवटपर्यंत ऐकायला सांगितलं. तबला शिकणाऱ्याला व्हायोलिन दिलं, गिटार वाजवणाऱ्या मुलाला घटम. मग ज्याने जे ऐकलं, ते त्याने तोंडाने म्हणून दाखवायचं.

आता दर नव्या तुकडीचा पहिला धडा हाच असतो. तबल्याला हात लावायची पाळी त्यानंतर येते.