सोळा बाइटची गळती

बुधवार, दुपारचे दोन. कॅन्टीनचा चहा हातात आणि मोबाइलवर बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावातून फोन. “साहेब, टाकी भरून वाहून राह्यली, अन् तुमचा डबा म्हन्ते अर्धीच हाय!”

चहा तिथेच राहिला. एप्रिल महिना. त्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ते माझ्या कोडने रस्त्यावर सोडलं होतं.

डबा म्हणजे टाकीची पातळी दर मिनिटाला बघून पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर. प्रोग्राम ‘सी’मध्ये, माझाच. डेनिस रिचींनी ही भाषा १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. मेमरीचा हिशेब ती तुमच्यावरच सोडते.

मी शेगावला इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे ही भानगड मला भक्तनिवासाच्या भाषेतच कळते. मॅलॉक म्हणजे काउंटरवर खोली मागणं. हातात येते ती किल्ली म्हणजे पॉइंटर. जाताना किल्ली परत करायची, ते फ्री. किल्ली खिशात घालून घरी गेलात? खोली अडकली, हा मेमरी लीक. खोली सोडलीत, पण डुप्लिकेट किल्लीने पुन्हा आत शिरलात? आत दुसऱ्याच कुटुंबाच्या बॅगा! तो डँगलिंग पॉइंटर. जावावाल्यांचं बरंय, सुटलेल्या खोल्या शोधत फिरणारा गार्बेज कलेक्टर त्यांच्या दिमतीला असतो. माझ्या डब्यात मोकळी मेमरी ४८ केबी. तिथे त्याला बसायला स्टूल तरी कुठून देणार?

तर मी दर रीडिंगला १६ बाइट मागायचो आणि परत द्यायला विसरलो. बस्स, एवढंच. दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे रोज साडेबावीस केबी गेले. डबा सोमवारी सकाळी अकराला लावला होता. भागाकार करून बघा, बुधवारी दोनच्या सुमारास बरोब्बर खडखडाट. ऑफिसात टेस्ट एका रात्रीपुढे कधी गेलीच नव्हती, सकाळी आल्या आल्या रीस्टार्ट!

खरी लाज वाटते ती पुढच्या ओळीची. जागा संपली की मॅलॉक ‘नल’ देतं. ते मी तपासलंही होतं, अगदी शहाण्यासारखं. नल आलं तर गुपचूप परत फिरायचं. मग नवं रीडिंग नाही, जुनं ‘अर्धी’ तसंच, आणि पंप आपला सुरू. त्यापेक्षा क्रॅश झाला असता तर वॉचडॉगने रीस्टार्ट तरी केला असता.

मित्र म्हणतात, रस्ट शिक. २०१५मध्ये तिची १.० आवृत्ती आली. तिथे प्रत्येक किल्लीचा मालक एकच, आणि त्याचं काम संपलं की खोली आपोआप मोकळी. शिकतोय. पण या डब्यात मी साधा गावठी उपाय केला. मागणं-देणंच बंद. सुरुवातीलाच १६ बाइटची एक जागा राखायची आणि दर मिनिटाला तीच वापरायची. नवं रीडिंग आलं नाही तर पंप बंद.

नवा प्रोग्राम टाकायला स्वतः गेलो, पुन्हा सोमवारीच. पंप चालवणारे काका अजिबात रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच ओशाळलो. टाकीखाली बसून त्यांनी एवढंच विचारलं, “आता हे किती दिवस चालन, साहेब?”

मी बुधवारी संध्याकाळपर्यंत गावातच थांबलो.