मधला अर्धा तास

एकाच तबकडीवर साऱ्या जगाची वेळ! १९३१ साली जिनिव्हाचे घड्याळजी लुई कोतिए यांनी ही किमया साधली. कडेला शहरांची नावे. आतले २४ तासांचे कडे दिवसात उलटा एक फेरा घेते. शहरासमोरचा आकडा म्हणजे तिथला तास. मिनिटे सर्वांची एकच. पण ग्रिनिचच्या पुढे कराची पाच तास, ढाका सहा; आपण मधेच साडेपाचवर! आपला अर्धा तास तिथे बसेना. २०११ मध्ये व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनने ३७ कालविभागांचे घड्याळ काढले, त्यात तो सामावला.

आमचे भाईजान दुबईत आहेत. अम्मी दीड तास बोटांवर वजा करते आणि ते कामावरून परतले असतील तेव्हाच फोन लावते. कारागिरीला आमचा सलाम. पण कुणासाठी वेळ पाहायची, हे माणसालाच ठरवावे लागते.