दारूबंदीच्या मुलुखात लटपटताना

गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. त्यामुळे इथे लटपटत चालणाऱ्या माणसाविषयी लोकांचा तर्क एकाच दिशेने धावतो. सचिन स्टेशनाबाहेर एका तरुण गृहस्थाने मला हसत हसत विचारले होते, ‘काका, पीधुं छे के?’ संध्याकाळची वेळ, गोळीचा असर उतरलेला, पाऊल उचलत नाही आणि उचलले की तोल पुढे जातो. आवाजही अशा वेळी तोंडातल्या तोंडात राहतो. त्याला काय सांगणार?

मला कंपवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन्स, शेजाऱ्यांच्या गुजरातीत ‘कंपवा’. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि हालचालींवरचा ताबा सुटतो, एवढे आता पाठ झाले आहे. माझा उजवा हात स्वस्थ बसलो की थरथरतो, कप उचलायला गेलो की उलट शांत होतो. कोणी बघते आहे असे कळले की मात्र दुप्पट! म्हणून हात खिशात घालायची सवय लागली. लोकांना वाटते, स्वारी ऐटीत चालली आहे.

पण हाताचे एवढे काही नाही, खरा छळ चेहऱ्याचा. स्नायू ताठरतात, आतले हसू बाहेर पोचतच नाही. नातीने शाळेतले बक्षीस आणून दाखवले, मी मनातून हरखलो, आणि ती आईला जाऊन म्हणाली, ‘आजोबा रागावलेत.’ ते शब्द फार लागले. तेव्हापासून तिला तोंडाने सांगतो, ‘बाळ, मी आता हसतोय बरं का.’ विचित्र दिसत असेल, पण तिला ते पटते.

अक्षराचेही तेच. जीआयडीसीतल्या कापड मिलीत जन्मभर चलने लिहिली. आता ओळ ज्वारीच्या दाण्याएवढी सुरू होते आणि खसखशीएवढी होऊन संपते. बँकेत सही जुळत नाही, ते रामायण वेगळेच.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली त्यावर निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्णांची हकिगत आहे, आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले! हे वाचल्यापासून स्टेशनावरच्या त्या गृहस्थाचा राग जरा जास्तच येतो. असो. हल्ली मी कोणी विचारायच्या आतच सांगून टाकतो, ‘भाई, मने कंपवा छे.’ पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे आपल्यासारखीच माणसे भेटतात, हे काही बारीकसारीक सुख नव्हे.

लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायची, कारण डाळ-दुधातली प्रथिने तिच्या आड येतात. घड्याळ आमच्या हिच्या ताब्यात. या आजाराची एक गंमत अशी, की जिना मी सरसर चढतो, पण दाराशी आलो की पाय जमिनीला खिळतात. समोर आडवी रेघ दिसली की तीच ओलांडायची म्हणून पाऊल सुटते. हे कळल्यावर हिने खोलीपासून मोरीपर्यंत खडूने आडव्या रेघा ओढल्या. दिवाळीत त्यांच्यावरच रांगोळीची बोटे फिरवली. पाहुणे विचारतात, ‘ही कुठली नवी पद्धत?’ ती सांगते, ‘यांची.’