इतिहास विभागातील दोन वर्षे

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा प्रथम आठवले ते लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचे ऊन. नववीत असताना गुरुजींनी आम्हा वसतिगृहातील मुलांना मंचरहून एस.टी.ने नारायणगावमार्गे जुन्नरला नेले होते. अष्टविनायकाच्या दर्शनाला आलेले भाविक आमच्या पुढेमागे चढत होते. गिरिजात्मज गणपती ज्या लेण्यात आहे तो मूळचा बौद्ध विहार. आम्ही त्याच्या शेजारच्या चैत्यगृहात गेलो, स्तूपासमोर ओळीने बसलो आणि त्रिसरण-पंचशील म्हटले. वंदना संपल्यावर गुरुजी म्हणाले, "पोरांनो, हे सारे तुमच्या पूर्वजांनी कोरले आहे. आपण काल जन्मलेली माणसे नाही."

माझे वडील मंचरच्या बाजारात हमाली करीत. आमच्या घराण्याविषयीचा घरातील सर्वांत जुना कागद म्हणजे रेशनकार्ड. आजोबांच्या पलीकडचे नाव कोणास ठाऊक नव्हते. अशा घरातील मुलाला कोणीतरी दोन हजार वर्षे एकदम हवाली करावीत, म्हणजे काय होते, हे ज्यांना वंशावळी पाठ आहेत त्यांना समजावून सांगणे कठीण आहे. बी. ए. झाल्यावर सगळे बी. एड. किंवा बँकेची परीक्षा सुचवीत असता मी १९८७ साली पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागात एम. ए.साठी नाव घातले, ते त्या एका वाक्यापायी.

गणेशखिंडीतील ते दिवस फारसे सुखाचे नव्हते. 'कमवा व शिका' योजनेतील काम, मग तास, मग जयकर ग्रंथालय. उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा होती, पण वाचायचे ते बहुतेक इंग्रजीत. एका पानाला मला सुरुवातीस तासभर लागे. त्याहून अवघड गोष्ट निराळीच होती. शाळा-महाविद्यालयात इतिहास म्हणजे काय घडले ते सांगणे. येथे आल्यावर कळले की काय घडले यापेक्षा ते आपणास कसे कळले, हा पहिला प्रश्न. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, तो लिहिणाऱ्याला काय ठाऊक असणे शक्य होते आणि काय नव्हते. इतिहासलेखन पद्धतीची पत्रिका सर्वांनाच रुक्ष वाटे. माझ्या आयुष्यात तिच्याएवढी उपयोगी विद्या मी दुसरी शिकलो नाही.

पहिल्या सत्रात एक निबंध लिहावयाचा होता. विषय स्वतः निवडावा अशी सूचना होती. मी अर्थातच जुन्नरची लेणी घेतली आणि पहिल्याच वाक्यात लिहिले की ही लेणी आमच्या पूर्वजांनी कोरली. निबंध परत आला तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द होता : 'कशावरून?'

मला तो शब्द झोंबला. खरे सांगावयाचे तर मला त्यात जात दिसली. आपल्याला काही मिळाले की लगेच पुरावा मागतात, असे मनाशी म्हणत मी दोन दिवस तासाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी खोलीतील सोबत्याचा निबंध पाहिला. तो एका नावाजलेल्या मराठा घराण्यातला. १६३० साली शिवनेरीवर शिवजन्माच्या वेळी आपला मूळपुरुष गडावर होता, असे त्याने लिहिले होते. त्याच्याही समासात तीच लाल पेन्सिल होती, तोच शब्द होता. आम्ही दोघेही पुष्कळ वेळ हसलो. त्याचे हसू माझ्याइतकेच कसनुसे होते.

मग मी प्राध्यापिकांकडे गेलो. त्यांनी वाद घातला नाही. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा १८८१ सालचा लेण्यांमधील लेखांचा संग्रह काढून दिला आणि म्हणाल्या, "तुमचे गाव जवळ आहे. ब्राह्मी शिकून घ्या आणि जाऊन वाचा."

ब्राह्मीची अक्षरे थोडी आणि साधी आहेत. चिकाटी असेल तर महिन्या-दीड महिन्यात वाचता येऊ लागतात. त्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी शिवाजीनगरहून पहाटेची गाडी पकडून मी जुन्नरला जात असे. सोबत लेखांच्या छायाप्रती आणि आईने दिलेली भाकरी. मी स्वतः ओळखलेला पहिला शब्द 'देयधम', म्हणजे देयधर्म, दान. तो ज्या चैत्यगृहात ओळखला, त्यातच बसून आम्ही वंदना म्हटली होती. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच तो लेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. कल्याण हे बंदर, जुन्नर घाटमाथ्यावर आणि मध्ये नाणेघाट : एका ओळीत व्यापाराचा सारा रस्ता डोळ्यांसमोर उभा राहिला.

पुढे आणखी माणसे भेटत गेली. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. अडुथुम नावाचा शक उपासक करंजापाशी वीस निवर्तने आणि वडापाशी नऊ निवर्तने जमीन देतो. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम वत्सगोत्री होता. त्याने वर्ष ४६ मध्ये मनमोडीच्या डोंगरात टाके आणि मंडप करविला. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आली, तेव्हा मी थबकलो. वसतिगृहात माझ्या शेजारच्या पथारीवर निजणाऱ्या मित्राचे वडील मंचरच्या बाजारासाठी पाट्या विणीत. त्याला मी त्याच रात्री पोस्टकार्ड लिहिले.

पण माझे पूर्वज? ते तेथे नव्हते. आज ज्या जातीच्या नावाने आम्हाला हिणवले गेले, ती त्या भिंतींवर कोठेही नाही. शिवाय हे सारे लेख दिले कोणी ते सांगतात. छिन्नी कोणी धरली ते सांगत नाहीत. घाटाखाली कर्जतजवळ कोंडाणे येथे कान्हाचा शिष्य बलक याने केले, असे कोरलेले आहे; तेथे एका कारागिराने आपले नाव ठेवले म्हणून मी त्या ओळीसाठी मुद्दाम पायपीट केली. जुन्नरला मला तसे नाव सापडले नाही. पुरावा नाही याचा अर्थ माझे पूर्वज तेथे नव्हतेच, असाही नाही. होते असे म्हणता येत नाही, इतकेच. या 'इतकेच'पाशी थांबणे मला फार जड गेले.

आधार मिळाला तो बाबासाहेबांकडूनच. 'द अनटचेबल्स' हा त्यांचा १९४८ सालचा ग्रंथ मी पूर्वी घोषणेसारखा वाचला होता. विभागात आल्यावर त्याची प्रस्तावना प्रथमच नीट वाचली. अस्पृश्य हे मूळचे वाताहत झालेले बौद्ध लोक, हा सिद्धान्त मांडताना ते आरंभीच सांगतात की दुवे तुटलेले असल्यामुळे येथे अनुमानाचा आश्रय घ्यावा लागला आहे आणि आपले म्हणणे हा अखेरचा शब्द आहे असा त्यांचा दावा नाही. आपण त्यांचा निष्कर्ष उचलला. त्याभोवतीची सावधगिरी पुष्कळदा मागेच राहिली, असे मला वाटते.

एम. ए. झाल्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेस गुरुजींनी मला शाळेत व्याख्यानास बोलाविले. समोर मुले, पालक, पहिल्या रांगेत गुरुजी. मी इरिल सांगितला, अडुथुम सांगितला, धान्याची श्रेणी सांगितली आणि शेवटी म्हणालो की ही लेणी आपल्या पूर्वजांनी कोरली असे मी अभ्यासाने म्हणू शकत नाही. टाळ्या पडल्या नाहीत. खिरीच्या पंगतीत गुरुजी माझ्याशी बोलले नाहीत. रात्री मात्र त्यांनी मला कार्यालयात बोलावून घेतले.

"पोरांना ताठ उभे राहायला एक आधार दिला होता रे मी," ते म्हणाले. "तू तो काढून घेतलास. आता त्यांना काय देऊ?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हटले, "गुरुजी, त्या भिंतींवर ज्यांची नावे लिहिली ती राहिली. आपली कोणी लिहिली नाहीत."

गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग उठून त्यांनी कपाटाच्या तळातून पुठ्ठ्याची एक वही काढली. शाळा उभी राहिली तेव्हाची ती देणग्यांची वही. वाळवीने कडा खाल्लेल्या. बाजरी दोन पायली. कौले पन्नास. रोख सव्वा रुपया. एका बाईच्या नावापुढे 'पितळी तपेले एक'. आंबेगाव तालुक्यातील किती वाड्यावस्त्या त्या पानांवर होत्या! कंदिलाजवळ वही धरून आम्ही दोघे वाचत बसलो. मध्येच एक नोंद आली : 'भिंतकाम, गडी सहा, दिवस दोन, मजुरी घेतली नाही.' सहांची नावे नव्हती. गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली आणि वही माझ्याकडे सरकविली. अक्षर त्यांचेच होते.

ती वही आता मी उतरून काढली आहे. दोन पाने वाळवीने पूर्ण खाल्ली, ती गेली. त्या सहा गड्यांत माझे वडील होते असे आई सांगत असे. म्हणून नव्या प्रतीत त्या नोंदीखाली मी सहा ओळी आखल्या, पहिलीवर पेन्सिलीने वडिलांचे नाव लिहिले आणि कंसात 'पत्नीने मुलास सांगितले' असे लिहिले. उरलेल्या पाच ओळी रिकाम्या आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी त्या कामाची आठवण असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात यावे. नाव, आणि ते आपणास कोणी व केव्हा सांगितले, दोन्ही लिहून घेऊ.