मामाची घर-गाडी

माझा मामा तासगावचा. तिथं गाडी म्हटली की द्राक्षांचे क्रेट आठवतात. मामाच्या डोक्यात मात्र भलतंच! जुन्या डिझेल जीपवर व्हॅनची बॉडी चढवायची, आत पलंग नि शेगडी ठेवायची, की झालं चाकांवरचं घर! जीपच का? तिची चारही चाकं ओढतात. पावसाळ्यात काळ्या रानात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, की पुढची दोन मदतीला येतात.

जीपची बॉडी उतरवली, आम्ही पोरं बोल्ट मोजत होतो. खाली काय, तर लोखंडाची शिडी! तीच चॅसी. इंजिन, गिअर, चाकं सगळं तिच्यावर. बॉडी वरून नुसती कसलेली. पण व्हॅनच्या कमानी जीपच्या चाकांवर बसेनात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं आलं. कंपनीनं ठरवलेली मूळ रचना अशी बदलता येत नाही. ब्रेक नि तोल बिघडला तर? मला हे अजून अर्धंच पटतं.

कारण सांगली जिल्ह्यातच, देवराष्ट्र्यात, दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली होती. चक्क किक मारून सुरू होणारी! नियमात न बसणाऱ्या त्या गाडीचं आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये कौतुक केलं, नि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली.

मामानं चॅसी घासून रंगवली नि जीपचीच बॉडी परत कसली. मुक्कामाला आम्ही मागे दोन फळ्या टाकून झोपतो. मामाचे पाय तेवढे बाहेर राहतात.