फलकावर लिहिलंय २-१

गेल्या रविवारी नोएडातल्या आमच्या लहानशा टेनिस क्लबच्या संघाने शेजारच्या क्लबवर २-१ असा विजय मिळवला. फलकावर एवढेच लिहिले आहे. एकेरीचा एक सामना आमचा, एक त्यांचा. निर्णायक दुहेरीत मी आणि शेजारच्या वहिनी खेळत होतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या आर. के. खन्ना स्टेडियमवर डेव्हिस कपमध्ये भारताने टोगोला ४-० असे हरवले. तीही शनिवार-रविवारची सांघिक लढतच. पण तिथे उंच खुर्चीवर पंच असतो. आमच्याकडे कुठला पंच! आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा आपणच करायचा आणि नीट दिसला नसेल तर तो आतच धरायचा, असा नियम. मातीच्या कोर्टवर निदान खूण तरी उमटते. आमचे कोर्ट सिमेंटचे.

टायब्रेकमध्ये ६-५ अशी आघाडी असताना चेंडू माझ्यामागे रेषेजवळ पडला. मला तो धड दिसलाच नाही. तरी तोंडातून निघून गेले, "आउट!" समोरच्या दोघींनी मुकाट्याने हात मिळवले. वहिनींनी तर मला मिठीच मारली.

घरी येताना माझी दहा वर्षांची लेक म्हणाली, "आई, तो रेषेवर होता ना गं?" मी तिलाच दटावले, "तुला लांबून काय कळतंय?"

येत्या शनिवारी त्या दोघी आमच्याकडे सरावाला यायच्या आहेत. त्यांना खरे सांगायचे मी ठरवले आहे. वहिनींना कसे सांगावे, ते मात्र अजून सुचलेले नाही.